पावसाळ्यात सोल परत परत सुटतोय? सोलूशन बदलायच्या आधी सुटलेली चप्पल पूर्ण उघडून बघा

दरवर्षी जून संपत आला की आमच्याकडं हाच घोळ. उन्हाळ्यात केलेला माल गिऱ्हाईक दोन-दोन वर्षं वापरतंय, एक तक्रार नाही, आणि पावसात केलेला माल महिन्याभरात बोटाकडनं नाहीतर टाचेकडनं तोंड उघडतोय. मी बेळगावात वडगावकडं छोटं वर्कशॉप चालवतो, मी आणि दोन कारागीर, वर चामडं आणि खाली रबर सोल असल्या चप्पल-सँडल, जोडीला थोडे बेल्ट आणि पाकिटं. आधी सीझनला दोन-तीन जोड परत यायचे, ते मी सोडून द्यायचो. गेल्या साली मात्र पणजीच्या एका दुकानदाराला गणपतीच्या आधी ३६ जोड दिले आणि त्यातले ११ परत आले. ११ म्हणजे चामडं गेलं, मजुरी गेली, जायचं-यायचं भाडं गेलं, वर दुकानदाराचं फोनवर ऐकून घेतलं ते वेगळंच.

मग सगळे जे करतात तेच मी पण केलं, सोलूशनला, म्हणजे सोल चिकटवायच्या गोंदाला, शिव्या घातल्या. डबा बदलला, कंपनी बदलली, शेवटी महागातलं पीयू (पॉलीयुरेथेन) सोलूशन आणलं. तीन डबे झाले आणि सोल आपला सुटतोयच. अथणीला मामांना फोन केला, त्यांचं आयुष्य चप्पलच करण्यात गेलंय. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सुटलेल्या जोडात सोलूशन कुठं ऱ्हायलंय? सोलला का चामड्याला?" माझ्याकडं उत्तरच नव्हतं. तोंड उघडलेलं बघायचं, फटीत ब्रश घालून परत चिकटवायचं, दोन ठोके मारायचे आणि पुढचा जोड घ्यायचा, एवढंच आजवर केलेलं. "मग काय करूलालास रे इतकी वर्षं? उघडून बघ की आधी," म्हणाले.

तर हे लिहायचं कारण तेच. त्या रात्री फरशीवर तरुण भारतचा जुना पेपर पसरला आणि अकराच्या अकरा जोडांचे सोल पकडीनं पूर्ण ओढून काढले. सोल एका बाजूला, चामडं एका बाजूला, ट्यूबलाईटखाली. मला वाटत होतं एकच रोग असेल, पण तीन वेगळे निघाले.

दोन जोडांत सोलूशन च्युइंगमसारखं झालं होतं, बोट लावलं की तार निघायची. तीन जोडांत सोलूशन सोललाही होतं आणि चामड्यालाही होतं, दोन्हीकडं पापुद्रा एकदम गुळगुळीत, वरनं धुरकट पांढरट, म्हणजे दोन थर एकमेकांना कधी चिकटलेच नव्हते, नुसते शेजारी बसले होते. आणि उरलेल्या सहांत सगळं सोलूशन सोलवर पातळ कातडीसारखं, चामड्याकडं मात्र जागोजागी काहीच नाही, आणि त्या मोकळ्या जागा गोल गोल, थेंब पडल्यासारख्या. हे थेंबाचं मला त्या रात्री काही कळलं नाही, ते पुढं सांगतो.

चांगलं पेस्टिंग, म्हणजे चिकटवण्याचं काम, उघडलं तर कसं दिसतं हे पण एकदा बघून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार. एखादा जुना उन्हाळ्यातला जोड मुद्दाम फाडा. सोल निघताना त्याच्याबरोबर चामड्याचे तंतू उपटून येतात, सोलवर तपकिरी केसाळ थर दिसतो. म्हणजे जोड धरून राहिला आणि चामडंच फाटलं. यापेक्षा जास्त सोलूशनकडनं काही मागायचं नाही.

आता ते धुरकट पांढरट. निओप्रीनवालं सोलूशन, म्हणजे आपण सगळे जे पिवळं सोलूशन म्हणतो ते, दोन्हीकडं लावायचं, सुकू द्यायचं आणि मग दाबायचं. सुकताना त्यातलं थिनर उडून जातं आणि उडताना तिथली उष्णता घेऊन जातं, हातावर पेट्रोल सांडलं की गार लागतं ना तसं. उन्हाळ्यात काही होत नाही. पण जुलैत बेळगावची हवा म्हणजे ओलं फडकं, त्यात हा थर गार पडला की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरनं घाम येतो तसा त्याला घाम येतो. डोळ्याला पाणी दिसत नाही, नुसती धुरकट झाक येते, बोटाला तर सुकल्यासारखंच लागतं, आपण दाबतो आणि मधे पाण्याचा पापुद्रा अडकतो. त्यात पावसाचा शिंतोडा येतोय म्हणून दार लावून पंखा फुल्ल सोडलेला, म्हणजे थर आणखी लवकर गार. मी तर तो पंखा मुद्दाम पेस्टिंगच्या टेबलाकडं फिरवून ठेवायचो, लवकर सुकावं म्हणून.

उपाय साधा आहे. घड्याळ बघून दहा मिनिटं झाली की दाबा, हे पावसात चालत नाही. आधी बोटाची मागची बाजू लावून बघा, चिकटली नाही पाहिजे. मग दाबायच्या जरा आधी दोन्ही थरांवर हीट गन नाहीतर केस वाळवायचा ड्रायर फिरवा, ती झाक जाऊन थर परत चमकायला लागतो, आणि तो गरम असतानाच जोड बसवा. साधारण ६० ते ७० डिग्रीत हे सोलूशन परत जागं होतं. पण हात हलता ठेवा. साल-हिरड्यात कमावलेलं चामडं उष्णतेला नाजूक असतं, त्यात ओलसर असलं तर ७०-८० डिग्रीतच आकसून कडक होतं आणि कडा वर वळतात, एकदा वळल्या की परत सरळ होत नाहीत. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं चामडं यापेक्षा बरंच जास्त सोसतं. मी ड्रायरच वापरतो, हीट गन कारागिराच्या हातात दिली की तो सोलपेक्षा गप्पांकडं जास्त बघतो.

चामड्यातला ओलावा हा वेगळा विषय, आणि मला विचाराल तर अर्धा रोग तिथंच आहे. चामडं हवेतनं पाणी ओढून घेतं, कोरड्या दिवसात त्यात वजनाच्या १२-१४ टक्के पाणी असतं आणि पावसात ते आणखी बरंच चढतं, हाताला मात्र ओलं लागत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. मी सोलच्या आकाराचे कापलेले तुकडे तोलले, २४० ग्रॅम भरले. मग दोन रात्री बल्बच्या कपाटात ठेवून परत तोलले, २२१. म्हणजे १९ ग्रॅम पाणी मी दरवर्षी सोलूशनखाली कोंडून ठेवत होतो. बल्बचं कपाट म्हणजे जुनं लोखंडी कपाट, खाली १०० वॉटचे दोन पिवळे बल्ब, वर जाळीवर तुकडे, दाराला बोटभर फट. एलईडी लावून उपयोग नाही, ती गरमच होत नाही, मला जुने बल्ब शोधायला सगळं गणपत गल्ली मार्केट पालथं घालावं लागलं. आत हाताला कोमट लागलं पाहिजे, चटका नको. आणि सोलूशनचा, थिनरचा डबा त्या कपाटाच्या आसपास सुद्धा नको.

मामांना हे कपाट वगैरे सांगितलं तर हसायला लागले. अथणी कोरड्या पट्ट्यात, आमच्याकडं चार दिवस झड लागते तेव्हा तिकडं ऊन पडलेलं असतं, तेच सोलूशन, तीच पद्धत, त्यांचा जोड टिकतोय आणि माझा सुटतोय याचं निम्मं उत्तर हेच. खानापूर-जांबोटीकडचे जे करतात त्यांना तर हे कपाट आमच्यापेक्षा जास्त लागणार. आणि दुसरं म्हणजे मामांची चप्पल शिवलेली. अस्सल कोल्हापुरीत तळ आणि वरचं चामडं शिवूनच धरलेलं असतं, खिळा नसतो, सोलूशनच्या भरवशावर तर ती उभीच नसते. (कोल्हापुरी म्हटलं की लोकांना फक्त कोल्हापूर आठवतं, पण २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत तसे आपल्या बाजूचे बेळगाव, बागलकोट, विजापूर, धारवाड पण आहेत, गिऱ्हाईकाला सांगत जावा.) रोग आहे तो आमच्यासारख्यांच्या मालाला, वर कोल्हापुरीचं रूप आणि खाली चिकटवलेला रबर.

आता तेल. चामडं मऊ पडावं, चमकावं म्हणून आपण तेल लावतो, आणि पुष्कळ वेळा कमावणाऱ्याकडनंच ते तेल पिऊन आलेलं असतं. तेलावर कुठलंच सोलूशन बसत नाही. तेल-पॉलिश जे काय करायचं ते पेस्टिंग झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, आणि कडेपासून लांब. चामड्याची वरची गुळगुळीत बाजू, ग्रेन म्हणतो ती, सोलकडं येत असेल तर ती पूर्ण खरडून काढायची, केस उभे राहिले पाहिजेत. नुसता पॉलिश पेपर दोनदा फिरवला की होत नाही, तुम्ही सोल चिकटवता तो त्या वरच्या पातळ कातडीला आणि ती कातडीच सोलून निघते. सुटलेल्या सोलवर गुळगुळीत चामड्याचा पापुद्रा आलेला दिसला तर समजा घासणं कमी पडलं. बुरशी आली असेल तर आधी बाहेर नेऊन ब्रशनं झाडा, मग कपाटात सुकवा, मग घासा. आमच्याकडं एकानं बुरशीवरच सोलूशन ओढलं होतं, गुंडाळी करून निघालं.

ग्राइंडरवर घासताना एक सवय मोडा, दाबून धरायची. रबर तापतो, वितळतो, चकतीच्या दाण्यात भरतो आणि मग चकती घासत नाही, नुसती पॉलिश करते. सोलचा पृष्ठभाग काळा चकचकीत दिसला, जळका वास आला, की तो परत हलक्या हातानं नव्या पेपरवर घासायचा. नव्या सोलला साच्यातनं निघावा म्हणून लावलेलं मेण नाहीतर सिलिकॉन असतं, ते दिसत नाही, म्हणून नवा कोरा सोल स्वच्छ दिसतोय म्हणून न घासता लावायचा नाही.

आता ते थेंब. घासल्यावर धूळ बसते, ती काढायला मी गेल्या साली फेब्रुवारीत एक सेकंडहँड कॉम्प्रेसर घेतला. लई भारी वाटलं होतं, फुस्स केलं की धूळ गायब. तर थेंबाचं कोडं सुटेना म्हणून एक आठवडा असं केलं की प्रत्येक जोडाच्या सोलवर आतनं पेनानं वेळ लिहायची, सकाळी १० पासून, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक तासाचा एकेक जोड पकडीनं उपटून बघायचा. माल वाया जातो, पण रद्दीतल्या तुकड्यांवर पण करता येतं. सकाळचे सगळे तंतू घेऊन निघाले. दुपारी ४ नंतरचे सगळे सोलून आले, आणि थेंब पण दिसले. संध्याकाळचं पेस्टिंग आमच्यातला एकच मुलगा करतो, आणि खरं सांगायचं तर परत आलेल्या मालावरनं मी त्यालाच झापलं होतं, दमून हात मारतोस म्हणून. तो गप्प ऐकून घेतला बिचारा.

सातव्या दिवशी हात धुवायच्या बेसिनवरचा आरसा काढला, एअरगन त्याच्यापासून वीतभर लांब धरली आणि दहा सेकंद फुस्स केलं. आरशावर बारीक बारीक थेंब. बोट फिरवलं तर नुसतं पाणी नाही, वर इंद्रधनुष्यासारखी तेलाची झाक. टाकीच्या बुडाला एक कॉक असतो, तो मी फेब्रुवारीपासून एकदा पण उघडला नव्हता, मला तो कशाला असतो हेच माहीत नव्हतं. उघडला तर चहाच्या रंगाचं तेलकट पाणी, दीड-दोन लिटर तरी असेल, वाहतच ऱ्हायलं. तो मुलगा शेजारी उभा होता, काही बोलला नाही, नुसता पोछा घेऊन आला.

होतं काय, कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते, आणि टाकीत गार पडली की हवेतला ओलावा पाणी होऊन बुडाला बसतो. फेब्रुवारीत हवा कोरडी, पाणी कमी. जुलैत दिवसभर मशीन चाललं की पाणी साठत जातं आणि संध्याकाळपर्यंत ते हवेबरोबर पाइपातनं बाहेर यायला लागतं. त्यात पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असल्या की मशीनमधलं तेल पण येतं. म्हणजे मी चामडं घासून, स्वच्छ करून, नेमकं त्याच्यावर तेलपाणी शिंपडत होतो. आणि रात्री मशीन बंद राहून टाकी गार पडली की पाणी परत बुडाला बसतं, म्हणून सकाळचे जोड बरे.

आता रोज सकाळी मशीन चालू करायच्या आधी आणि दुपारी जेवणानंतर कॉक उघडतो, टाकीतला दाब थोडा राहू देऊन, म्हणजे पाणी जोरात निघतं, तोंड तेवढं बाजूला ठेवायचं. पाइपाला एक वॉटर फिल्टर लावला, काचेच्या वाटीसारखा असतो तो, त्यात पाणी दिसलं की खालनं सोडायचं. पण खरं सांगू, पेस्टिंगच्या आधीची धूळ मी आता कॉम्प्रेसरनं काढतच नाही. नारळाच्या काथ्याचा ब्रश आणि कोरडं सुती फडकं. कॉम्प्रेसर टेबल झाडायला आणि शिलाई मशीनच्या आतला कचरा उडवायला. शिलाई मशीनच्या बाबतीत पण हेच पाणी गंज करतं, तेव्हा आरसा लावून आधी बघाच.

च्युइंगमवाले दोन जोड म्हणजे पीव्हीसी सोल. पीव्हीसी मऊ करायला त्यात जे तेलासारखं प्लास्टिसायझर असतं ते हळूहळू बाहेर येतं आणि पिवळ्या सोलूशनला विरघळवतं, म्हणून लावल्यावर चार दिवस घट्ट आणि महिन्यानं लिबलिबीत. इथं दोष पावसाचा नाही, जोडीचा आहे. पीव्हीसीला पीयू सोलूशन लागतं. टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) सोल दिसायला रबरासारखाच, पण त्याला आधी त्याचं प्रायमर, म्हणजे सोलूशनआधीचा पातळ हात, लावून, ते सुकवून मग पीयू, नाहीतर पापड निघाल्यासारखा निघतो. साधा रबर आणि मायक्रो शीट (हलक्या फोमसारख्या रबराची शीट) नीट घासून पिवळ्यावर चालते. कुठला सोल आहे ते कळत नसेल तर जिथनं घेता त्या दुकानात नाव विचारून पिशवीवर लिहूनच घ्या, अंदाजानं नको. पीयूत हार्डनर (घट्ट करायचं औषध) घालायचं तर डब्यावर लिहिलंय तेवढंच, साधारण ३ ते ५ टक्के असतं, आणि कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं. हार्डनर ओलाव्याशीच लागतं, म्हणून पावसात उघडी बाटली गढूळ होते, घट्ट होते, तसली झाली की टाकून द्या. आणि सोलूशन घट्ट झालं म्हणून त्यात पेट्रोल-रॉकेल घालणारे पण आहेत आमच्याकडं, रॉकेल मागं तेल सोडतं, मग वरचं सगळं पुराण परत सुरू. त्याच कंपनीचं थिनर घाला, आणि मोठा डबा टेबलावर उघडा ठेवूच नका, वाटीत काढून घ्या.

दार-खिडकीचं एक राहिलं. या सोलूशनचा वास म्हणजे टोलुईन, काही डब्यात हेक्झेन पण. हेक्झेनमध्ये महिनोन्महिने बंद खोलीत काम केलं तर पायाच्या आणि हाताच्या बोटांना मुंग्या, बधिरपणा येतो, नसा खराब होतात, हे खरं आहे. वाफ हवेपेक्षा जड, ती खाली फरशीलगत साचते, म्हणून खाली बसून काम करणाऱ्याच्या नाकात जास्त जाते आणि खालीच ठेवलेल्या अगरबत्तीनं नाहीतर ग्राइंडरच्या ठिणगीनं भडकते. पाऊस आत येतो म्हणून दार लावायचं असेल तर एक्झॉस्ट खालच्या बाजूला लावा, वर लावून तेवढा उपयोग नाही.

दाबण्याचं थोडक्यात. जोड बसवताना मधोमध आधी टेकवायचं, मग कडेकडं, हवा कोंडू द्यायची नाही. मग मोगरीनं मधनं बाहेर ठोकत यायचं. या सोलूशनला किती वेळ दाबला यापेक्षा किती जोरात दाबला ते महत्त्वाचं. एक रात्र तरी फरम्यावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) राहू द्या, पूर्ण ताकद यायला त्याच्यापुढं पण काही दिवस जातात. संध्याकाळी चिकटवलेला माल रात्रीच्या गाडीनं पणजीला पाठवणं बंद करा, हे मी मलाच सांगतोय.

आता तुमच्याकडं सुटलेला माल पडून असेल तर. फटीत सोलूशन सोडून दाबू नका, जुना थर पूर्ण निघाला पाहिजे. तो गरम करून बोटानं चोळला की गोळ्या होऊन बराचसा निघतो, उरलेला रापीनं (चामडं कापायच्या सुरीनं) खरडायचा, मग घासायचं, कपाटात दोन रात्री, सोलूशनचा एक पातळ हात, सुकला की दुसरा हात (चामडं पहिला हात पिऊन टाकतं), ड्रायर, दाब, मोगरी. माझ्या अकरातले पीव्हीसीचे दोन सोल काढून रबरी टाकले. बाकी नऊ वरच्यासारखे परत चिकटवले आणि भीतीपोटी कडेनं मेणाच्या दोऱ्यानं आरी घेऊन शिवून पण टाकले, एका जोडाला पाऊण तास लागला. मामांना फोटो पाठवला. "आता झाली चप्पल," एवढंच लिहून पाठवलं त्यांनी. दुकानदारानं मात्र शिलाई दिसतीय म्हणून जोडामागं ४० रुपये जास्त लावलेत, ते मला त्याच्या दुकानाच्या स्टेटसवरनं कळलं.